कृपया बॅक बटण दाबू नये

बँक, विमा कंपनी, विद्यापीठ किंवा एखादे सरकारी खाते यांच्या संकेतस्थळावर अर्ज भरणाऱ्याला पडद्यावर केव्हा ना केव्हा एक तंबी दिसते, की ब्राउझरचे बॅक बटण दाबू नये, पान रिफ्रेश करू नये आणि काम पुरे होईपर्यंत खिडकी बंद करू नये. या तंबीची आता इतकी सवय झाली आहे की तिच्यातला विनोद कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या माध्यमात एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे आणि मनात आले की परत फिरणे हाच मुळात सारा व्यवहार होता, त्या माध्यमातल्या सर्वांत खर्चिक प्रणाल्यांनी परत फिरण्याची सोय हात जोडून काढून घ्यावी, ही गोष्ट अभ्यासाला घेण्याजोगी आहे. पैसे दोनदा कापले जाऊ नयेत हे या तंबीचे एक प्रामाणिक कारण आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु जिथे पैशाचा प्रश्नच नाही, अशा पत्ता बदलण्याच्या अर्जावरही ती दिसते, तेव्हा तिचे मूळ बहुधा त्या प्रणालीच्या पायाशी असलेल्या घटकाधारित फ्रेमवर्कमध्ये सापडते.

एंटरप्राइझ वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे मोठ्या संस्थेचे कामकाज ब्राउझरमधून चालवणारी प्रणाली, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकांत केलेली असते. व्यवहारात तिची ओळख पटवण्याची खूण निराळी आहे: ती विकत घेणारा तिचा वापर कधी करत नाही, आणि दिवसाचे आठ तास तिच्यासमोर बसणाऱ्याला ती घ्यावी की नाही हे कोणी विचारलेले नसते. अशा प्रणालीत पडद्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते आणि त्यांतला प्रत्येक पडदा दुसऱ्यासारखा दिसत असूनही थोडासा वेगळा असतो. हे सारे पडदे प्रत्येक वेळी पहिल्यापासून न लिहिता तयार सुट्या भागांतून जुळवता यावेत, या अपेक्षेतून घटकाधारित फ्रेमवर्क जन्माला आले. फ्रेमवर्क म्हणजे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली अशी चौकट, की जिच्यात आपले काम बसवायचे असते. आणि घटक म्हणजे तारखेचा रकाना, निवडयादी किंवा तक्ता यांसारखा भाग, जो स्वतःचे रूप आणि वर्तन दोन्ही बरोबर घेऊन येतो, त्यामुळे वापरणाऱ्याने त्याच्या पोटात डोकावण्याचे कारण उरत नाही, निदान पहिल्या आठवड्यात तरी.

या अपेक्षेचा उगम बराच जुना आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत बेल लॅब्जचे डग्लस मॅकइलरॉय यांनी असा विचार मांडला, की सॉफ्टवेअरच्या धंद्यातही कारखान्यात होतात तसे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर तयार व्हावेत, त्यांची सूची छापली जावी आणि गिऱ्हाइकाने आपल्याला हव्या त्या अचूकतेचा व वेगाचा भाग सूचीत पाहून मागवावा. विचार इतका सरळ होता की पुढच्या प्रत्येक पिढीला तो स्वतःलाच सुचल्यासारखा वाटला. मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले, तेव्हा तो बऱ्याच अंशी खराही ठरला: बटण उचलून पडद्यावर ठेवायचे, त्यावर दोनदा टिचकी मारायची आणि ते दाबल्यावर काय व्हावे एवढेच लिहायचे. एखादी घटना घडली की तिच्यासाठी लिहिलेली ओळ चालते, अशी ही पद्धत होती. संगणकशास्त्राचा फारसा गंध नसलेल्या माणसालाही दुपारच्या जेवणापर्यंत चालता पडदा तयार करता येई, आणि पुढच्या सर्व दुखण्यांचे मूळ या सुखाच्या आठवणीत आहे.

व्हिज्युअल बेसिकचा पडदा आणि तो चालवणारा कार्यक्रम एकाच यंत्रावर, एकाच स्मृतीत राहत असत, म्हणून रकान्यात काय लिहिले आहे हे कार्यक्रमाला वेगळे लक्षात ठेवावे लागत नसे. वेबचे तसे नाही. ब्राउझर एकीकडे, सर्व्हर दुसरीकडे, आणि दोघांमधल्या संभाषणाचे नियम सांगणारा एचटीटीपी हा संकेत मुळात स्मृतिहीन आहे. म्हणजे ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि दिले की मागणाऱ्याला विसरून जायचे, अशी त्याची रचना आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन केंद्रात हे माध्यम घडवले ते कागदपत्रे वाचता यावीत म्हणून, आणि कागद वाचायला आलेल्याची ओळख ठेवण्याचे ग्रंथपालाला कारण नव्हते. या विसराळूपणामुळेच एक सर्व्हर हजारो लोकांना पुरा पडतो आणि एक सर्व्हर बंद पडला तर शेजारचा बिनदिक्कत त्याचे काम करतो. दोष वाटणारा हा गुण ज्यांना खुपला, त्यांनी तो झाकण्यासाठी पुढची कित्येक वर्षे खर्ची घातली.

सरकारी कचेरीत खिडकीमागे बसलेला असा एक कारकून डोळ्यांसमोर आणावा, की समोरचा माणूस पाठ वळवताच त्याला त्या माणसाचा, त्याच्या अर्जाचा आणि त्याच्याशी झालेल्या बोलण्याचा पूर्ण विसर पडतो. त्याच्याकडून सात पानी अर्ज पुरा करून घ्यायचा तर दोनच मार्ग उरतात. एक तर प्रत्येक फेरीला अर्जदाराची सगळी फाइल बांधून त्याच्याच हाती द्यायची आणि पुढच्या वेळी ती जशीच्या तशी परत आणायला सांगायचे. किंवा फाइल कचेरीतल्या कपाटात ठेवून अर्जदाराला फक्त बिल्ला द्यायचा आणि बिल्ला दाखवला की फाइल बाहेर काढायची. पहिल्या मार्गाला व्ह्यूस्टेट म्हणतात आणि दुसऱ्याला सेशन. बिल्ल्याचे काम करणारी कुकी नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्येच तयार केली होती. कपाटाला मर्यादा असल्यामुळे ते ठरावीक वेळाने रिकामे करावे लागते. टॉमकॅट या प्रचलित जावा सर्व्हरवर ही मुदत, कोणी बदलली नसेल तर, ३० मिनिटांची असते आणि एएसपी डॉट नेटवर २० मिनिटांची. पाचव्या पानावर आधार क्रमांक शोधायला उठलेला अर्जदार चहा घेऊन परतला की त्याला ‘सेशन संपले आहे’ एवढेच कळते, आणि ही मुदत कोणी व का ठरवली हे बहुतेक वेळा त्या प्रणालीच्या प्रमुखालाही सांगता येत नाही.

वेबवर घटकांचा संसार थाटण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीने केला. १९९६ मध्ये आलेल्या वेबऑब्जेक्ट्स या उत्पादनाची किंमत ५० हजार डॉलरपर्यंत जात असे आणि एंटरप्राइझ या विशेषणाला शोभेल अशीच ती होती. डेल कंपनीने आपले संगणक विकणारे ऑनलाइन दुकान याच पायावर उभे केले. पुढे अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घेतली आणि प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या सुट्या भागांवर आपला गल्ला चालतो आहे, अशी डेलची चमत्कारिक अवस्था झाली, तेव्हा तिला दुकानाचा पाया बदलावा लागला. सुट्या भागांच्या पुरवठादाराला उद्या कोण विकत घेईल, हा प्रश्न मॅकइलरॉय यांच्या सूचीत कुठेच नव्हता. २००० मध्ये अ‍ॅपलने वेबऑब्जेक्ट्सची किंमत ६९९ डॉलरवर आणली. दोन्ही वेळचे उत्पादन जवळजवळ तेच होते, यावरून एंटरप्राइझ सॉफ्टवेअरची किंमत कशाच्या आधारे ठरते याविषयी काही अनुमान काढता येईल. येथे ते काढण्याचे कारण नाही.

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये एएसपी डॉट नेट आणले आणि त्यातल्या वेब फॉर्म्समध्ये व्हिज्युअल बेसिकचे ते हरवलेले सुख वेबवर परत मिळवून देण्याचे वचन दिले. बटण उचलून पानावर ठेवावे आणि त्यावर दोनदा टिचकी मारावी. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये समुद्र असला तरी तो नाही असे समजून चालावे. यासाठी प्रत्येक घटकाला तो कुठे चालवायचा हे सांगणारा ‘रनअ‍ॅट’ हा गुणधर्म लिहावा लागे, आणि या गुणधर्माला मान्य असलेले मूल्य एकच होते: सर्व्हर. ज्या प्रश्नाला उत्तर एकच असू शकते तो प्रश्न दर ओळीला विचारण्याची ही पद्धत कार्यालयीन जीवनाच्या इतकी जवळची होती, की ती कोणालाच खटकली नाही. पानावरच्या घटकांची सारी अवस्था, म्हणजे कशाचा रंग बदलला, कोणती ओळ निवडली, तक्त्यात काय भरले होते, ही एका दडवलेल्या रकान्यात अगम्य अक्षरांच्या लांबलचक माळेच्या रूपाने कोंबली जाई आणि प्रत्येक टिचकीला ब्राउझरकडून सर्व्हरकडे व सर्व्हरकडून ब्राउझरकडे फिरत राही. मोठा तक्ता असलेल्या पानावर ही माळ प्रत्यक्ष दिसणाऱ्या मजकुराहून मोठी होऊ शके. अर्जदाराने वाटेत फाइलमध्ये खाडाखोड करू नये म्हणून तिच्यावर गुप्त शिक्का मारण्याची सोय होती. मात्र कचेरीत दोन खिडक्या उघडल्या आणि दोघींचे शिक्के वेगळे निघाले, की दुसरी खिडकी पहिलीची फाइल बनावट ठरवून परत पाठवी. गर्दी वाढली म्हणून दुसरा सर्व्हर जोडलेल्या कितीतरी संस्थांना व्ह्यूस्टेटच्या पडताळणीचा हा दोष त्याच दिवशी प्रथम कळला. भारतातल्या कितीतरी सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी एएसपीएक्स ही चार अक्षरे आजही दिसतात, ती याच घराण्याची.

जावाच्या जगात एकाच कंपनीचा हुकूम चालत नसल्यामुळे तिथे हेच काम समितीने केले. जावा सर्व्हर फेसेस, म्हणजे जेएसएफ, या प्रमाणकाचा मसुदा जेएसआर १२७ या क्रमांकाने २००१ मध्ये सुरू झाला आणि मार्च २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्यात स्ट्रट्सचे निर्माते क्रेग मॅकक्लॅनहन यांचा प्रमुख वाटा होता. म्हणजे आधीचे लोकप्रिय फ्रेमवर्क ज्यांनी दिले, त्यांनीच त्याला पर्याय देण्याचे काम हाती घेतले, ही या क्षेत्रातली मान्यताप्राप्त प्रगती आहे. समितीची मुद्रा या प्रमाणकावर स्पष्ट उमटलेली दिसते. ब्राउझरकडून आलेल्या प्रत्येक विनंतीला सहा टप्प्यांतून जावे लागते: प्रथम आधीचे दृश्य स्मृतीतून पुन्हा उभे केले जाते, मग आलेली मूल्ये त्या त्या घटकाला लावली जातात, तिसऱ्या टप्प्यात त्यांची छाननी होते, चौथ्यात ती मूळ नोंदींत उतरवली जातात, पाचव्यात ज्यासाठी हा सारा खटाटोप आरंभला ते प्रत्यक्ष काम होते आणि सहाव्यात उत्तराचे पान रंगवले जाते. एवढ्या मांडणीत काम पाचव्या क्रमांकावर आहे, हे एंटरप्राइझ स्वभावाचे यथातथ्य वर्णन मानावे लागेल.

या सहा टप्प्यांचा खरा कस ‘रद्द करा’ या निरुपद्रवी बटणावर लागतो. अर्ज अर्धवट सोडून जाऊ इच्छिणारा वापरकर्ता ते बटण दाबतो. विनंती सर्व्हरवर पोहोचते. तिसऱ्या टप्प्यात छाननी होते, तेव्हा अनिवार्य रकाने रिकामे असल्याचे उघडकीला येते. फ्रेमवर्क पाचव्या टप्प्याकडे न जाता थेट सहाव्यावर उडी घेते आणि लाल अक्षरांत कळवते, की पिनकोड भरणे आवश्यक आहे. अर्ज मागे घ्यायचा असेल तर आधी तो बिनचूक भरून द्यावा, हा नियम कोणा कचेरीने केला असता तर वर्तमानपत्रांत अग्रलेख आले असते. यावर समितीने ‘इमिजिएट’ नावाचा गुणधर्म दिला होता, जो बटणाला लावल्यास त्याचे काम छाननीच्या आधीच उरकले जाते. पण तोच गुणधर्म रकान्यालाही लावता येतो आणि तिथे त्याचा परिणाम वेगळा होतो, हे ठाऊक नसलेल्यांनी तो दोन्हीकडे लावून पाहिला. या एका शब्दाच्या नेमक्या अर्थावर जितकी भाष्ये लिहिली गेली, तितकी ब्रह्मसूत्रांवर लिहिली गेली नसतील, असे म्हणणे अतिशयोक्तीचे असले तरी त्या भाष्यकारांना पटेल.

पत्त्याच्या पट्टीची कथा याहून करुण आहे. जेएसएफच्या पहिल्या आवृत्त्यांत एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी बहुधा आधीच्याच पत्त्यावर अर्ज पाठवला जाई आणि सर्व्हर उत्तरादाखल पुढचे पान देई; परिणामी पडद्यावर ग्राहकाचा तपशील दिसत असताना वरच्या पट्टीत ग्राहकांच्या यादीचा पत्ता असे. पट्टी नेहमी एक पाऊल मागे राही, पानाची खूण करून ठेवली तर भलतेच पान उघडे, आणि ते सहकाऱ्याला पाठवले तर त्याला आणखी तिसरेच दिसे. साध्या दुव्याने पान उघडता यावे आणि पत्त्यातून क्रमांक देता यावा ही सोय व्यवस्थितपणे आली ती २००९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत. वेबचा पाया असलेली गोष्ट वेबच्या फ्रेमवर्कमध्ये पाच वर्षांनी नवे वैशिष्ट्य म्हणून जाहीर झाली आणि तिचे स्वागतही झाले. दरम्यान मोजारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ अंमलबजावणीने सेशनच्या कपाटात एका वापरकर्त्याची पंधरा दृश्ये ठेवण्याची मर्यादा घातली होती, ती न बदलल्यास सोळावे दृश्य उघडताच सर्वांत जुने बाहेर फेकले जाई. एकाच वेळी वीस टॅब उघडून काम करणाऱ्या उत्साही कर्मचाऱ्याने पहिल्या टॅबवर परतून बटण दाबले, की त्याला ‘व्ह्यू एक्स्पायर्ड’ या अपवादाचे इंग्रजीतले पानभर स्तोत्र वाचायला मिळे. कर्मचारी ते छापून माहिती तंत्रज्ञान विभागाकडे नेई, आणि तिथे त्याला कमी टॅब उघडण्याचा सल्ला मिळे.

याच काळात काही शहाणी माणसे वेगळ्या वाटेने गेली, त्यांचा उल्लेख थोडक्यात पण आदराने केला पाहिजे. हॉवर्ड लुईस शिप यांच्या टॅपेस्ट्रीने वेबऑब्जेक्ट्सचा वारसा जावात आणला. तिची चौथी आवृत्ती तिसरीहून इतकी वेगळी होती आणि पाचवी चौथीहून इतकी, की प्रत्येक आवृत्तीबरोबर तिचे चाहते मागे राहिले आणि ती एकटीच पुढे गेली. जोनाथन लॉक यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या विकेटने पानाची मांडणी साध्या एचटीएमएलमध्ये आणि वर्तन साध्या जावामध्ये ठेवले, मात्र दोन्हींतली घटकांची उतरंड तंतोतंत जुळलीच पाहिजे अशी अट घातली. डिझायनरने एखादी चौकट एक पायरी आत सरकवली की प्रोग्रामरची सकाळ वाया जाई. तरीही बॅक बटणाचा प्रश्न प्रामाणिकपणे हाताळण्याचे श्रेय विकेटला द्यावे लागते. वापरकर्ता मागे गेला तर त्या क्षणी पान जसे होते तसेच मिळावे, म्हणून ती पानांच्या जुन्या प्रती सर्व्हरच्या डिस्कवर साठवते आणि पत्त्यात पानाचा क्रमांक लिहिते. ब्राउझर जे काम फुकट करत होता तेच करायला सर्व्हरला डिस्क लागावी, हे खर्चिक आहे, पण त्यात वापरकर्त्याला दटावणी नाही.

इतका उपहास झाल्यावर एका प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे, की मग ही फ्रेमवर्के टिकली कशी. उत्तर तक्त्यात आहे. एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशनमधून सजावट, लोगो आणि संचालकांचा संदेश वगळला तर उरतो तो तक्ता: ज्याच्या रकान्यांनुसार ओळी लावता येतात, ज्यात गाळणी घालता येते, जो पानापानाने उलटता येतो आणि ज्याच्या कोपऱ्यात ‘एक्सेलमध्ये उतरवा’ असे बटण असते. हा तक्ता पहिल्यापासून नीट लिहायला कुशल प्रोग्रामरला आठवडे लागतात, आणि प्राइमफेसेससारख्या संग्रहात तो इतर शंभराहून अधिक घटकांबरोबर तयार मिळतो. ऐंशी रकान्यांचा विमा प्रस्ताव, त्यातल्या वारसांची वाढती यादी आणि प्रत्येक रकान्याची छाननी एवढे काम असेल तर घटकाधारित फ्रेमवर्क खरोखरच दिलेले वचन पाळते, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. कोट्यवधींचा हा सारा डोलारा अखेर त्या कोपऱ्यातल्या बटणासाठी उभा असतो आणि वापरकर्ता तक्ता एक्सेलमध्ये उतरवून उरलेले काम तिथेच करतो, ही गोष्ट मात्र प्रकल्पाच्या यशोगाथेत नोंदवली जात नाही.

टिकण्याचे दुसरे कारण दुरुस्तीच्या अर्थशास्त्रात आहे. परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणाल्यांची देखभाल पुण्याच्या हिंजवडीत, खराडीत आणि भारतातल्या अशाच इतर ठिकाणी चालते, आणि ज्या माणसांनी फ्रेमवर्क निवडले ती कधीच दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या फ्रेमवर्कच्या गुणगानात रमलेली असतात. मागे राहिलेल्या अभियंत्यापुढे फ्रेमवर्कने आपोआप पाडलेल्या ‘जे-आयडीटी-४२’ अशा नावांचा संसार असतो. शिवाय जेएसएफ या नावांमध्ये विसर्गासारखे दोन टिंब घालते आणि पानाची सजावट करणाऱ्या सीएसएसमध्ये त्याच दोन टिंबांना निराळा अर्थ असल्याने, एका बटणाचा रंग बदलण्याआधी या दोन्ही पक्षांत समेट घडवून आणावा लागतो. सहा टप्पे खऱ्या अर्थाने त्यालाच पाठ झालेले असतात, आणि ही विद्या अंगी असलेल्याला नोकरीची चिंता करावी लागत नाही.

थॉटवर्क्स या सल्लागार कंपनीने जानेवारी २०१४ च्या आपल्या तंत्रज्ञान आढाव्यात जेएसएफ नव्याने न वापरण्याचा सल्ला दिला, तो मुख्यतः या कारणासाठी, की एचटीटीपी आणि एचटीएमएल नाहीतच असे भासवण्याचा जेएसएफचा प्रयत्न मुळातच चुकीचा आहे. जेएसएफच्या बाजूच्या लोकांनी त्याला तिखट उत्तरे दिली. परंतु तोपर्यंत वारा दुसऱ्या दिशेने वाहू लागला होता. मे २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुले केले आणि घटक सर्व्हरवरून ब्राउझरमध्ये राहायला गेले. जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएल लिहिण्याच्या त्याच्या पद्धतीला सुरुवातीला लोक हसले आणि नंतर त्यांनीच तिच्यावर शिकवण्या सुरू केल्या. गूगलच्या अँग्युलरने सप्टेंबर २०१६ मध्ये दुसरी आवृत्ती काढली ती पहिलीशी बहुतांशी नावापुरतेच नाते ठेवून, आणि मग मार्च २०१७ मध्ये तिसरी आवृत्ती गाळून थेट चौथी काढली, कारण तिच्या एका उपभागाचा क्रमांक आधीच तीनवर पोहोचला होता. सुट्या भागांच्या सूचीचे स्वप्नही या पिढीत पुरे झाले, जरा जास्तच झाले: मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारा आपला अकरा ओळींचा ‘लेफ्ट-पॅड’ हा भाग सार्वजनिक कोठारातून काढून घेतला, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबून असलेल्या जगभरच्या कितीतरी प्रकल्पांची बांधणी काही तास ठप्प झाली.

घटक ब्राउझरमध्ये गेल्यावर स्मृतीचा प्रश्न सुटेल असे वाटत होते, तर झाले असे, की सगळे अ‍ॅप्लिकेशन एकाच पानात राहू लागले, त्यामुळे मागे जायला दुसरे पान उरले नाही, आणि बॅक दाबणारा थेट संकेतस्थळाबाहेर पडू लागला. मग ब्राउझरच्या इतिहासात जावास्क्रिप्टने खोट्या नोंदी घालाव्यात अशी व्यवस्था करण्यात आली. मग पहिले पान उमटायला वेळ लागतो म्हणून ते सर्व्हरवर तयार करून पाठवावे असे ठरले. आणि डिसेंबर २०२० मध्ये रिअ‍ॅक्टच्या चमूने काही घटक केवळ सर्व्हरवरच चालावेत, अशी योजना जाहीर केली, तेव्हा वेब फॉर्म्सवर केस पिकवलेल्या मंडळींनी त्या घोषणेचे वाचन कोणत्या चेहऱ्याने केले असेल याची कल्पनाच केलेली बरी. मायक्रोसॉफ्टने तर वेब फॉर्म्सना आपल्या नव्या डॉट नेट कोअरमध्ये जागा नाकारल्यावर २०१९ मध्ये ब्लेझर सर्व्हर आणले, ज्यात घटकांची अवस्था पुन्हा सर्व्हरच्या स्मृतीतच राहते आणि ब्राउझरशी जोडलेली अखंड तार तुटली की पडद्यावर पुन्हा जोडणीचा प्रयत्न चालू असल्याचा संदेश येतो.

जेएसएफ मात्र अजून जिवंत आहे. जेएसएफ ज्याचा भाग आहे तो जावा ईई हा प्रमाणकांचा संच ओरॅकलने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली करण्याचे ठरवले, पण जावा या नावावरचा हक्क सोडला नाही, म्हणून सगळ्याचे बारसे नव्याने करून जकार्ता हे नाव ठेवावे लागले आणि डिसेंबर २०२० च्या आवृत्तीत जावाएक्सने सुरू होणारे पॅकेजचे नाव जिथे जिथे या प्रमाणकाचा भाग होते, तिथे तिथे जकार्ता लिहिणे सर्वांना भाग पडले. वकिलांच्या एका मतभेदापायी जगभरच्या लाखो फायलींत एकच शब्द बदलण्याचे हे काम, सुदैवाने, बरेचसे यंत्राने करता आले. जकार्ता फेसेसची चौथी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली आणि सहा टप्पे तिच्यातही सहाच आहेत.

एखाद्या संस्थेत अशी प्रणाली विकत घेण्याच्या समितीवर ज्या वाचकांची नेमणूक होईल, त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेत्याला रंगीत आलेख दाखवू द्यावेत, चहा घ्यावा आणि मग दोन गोष्टी स्वतःच्या हाताने करून पाहाव्यात: एकाच ग्राहकाची नोंद दोन टॅबमध्ये उघडून दोन्हींत वेगवेगळे बदल जतन करावेत, आणि कोरा अर्ज उघडून ‘रद्द करा’ दाबावे. पिनकोड मागितला गेला, तर करारावर सही करू नये.